उपासाच्या आडून

पेण, १९ जून

प्रिय मालतीमावशी,

साष्टांग नमस्कार पुढच्या पत्रात घालीन, सध्या वाकलं की धाप लागते.

फोनवर तू म्हणालीस, "सल्ला हवा असेल तर पत्र लिही, फोनवर तू नुसती हो-हो करून मोकळी होशील." म्हणून हे लिहितेय. दहावीनंतर एवढं हाताने पहिल्यांदाच लिहितेय, तेव्हा अक्षराला हसायचं नाही. पत्र कमळाकरकाकांच्या हाती देतेय. ते रोज रोह्याहून इथे बँकेत येतात आणि तुझ्या गल्लीतच राहतात, मग पोस्टाची भानगड हवी कशाला?

तर मला बारीक व्हायचंय. कॉलेजचा आमचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर. माझी मैत्रीण निशिगंधा जिते गावाहून गाडीने येते, तरी टणाटण उड्या मारत वर जाते. मी दुसऱ्या मजल्यावर नोटीस वाचायच्या निमित्ताने थांबते. सगळ्या नोटिसा पाठ झाल्यात!

पण खरं कारण वेगळंच आहे. गेल्या गणपतीत ठाण्याच्या काकांचा अंबरीशदादा मोदकांचं ताट फिरवत आला आणि माझ्यासमोर न थांबता पुढे गेला. म्हणाला, "हिला नको, हिचा कोटा झालाय." सगळे हसले. आईपण हसली. मीपण हसले, काय करणार? या गणपतीत सगळे परत येतील, तोवर मला वेगळं दिसायचंय.

तू रोह्याच्या शाळेत इतकी वर्षं पी.टी.च्या तासाला मुलींना पळवलंस. आता मला सांग, काय खाऊ आणि काय करू?

तुझी,
आसावरी

रोहा, २२ जून

आसावरी बाळा,

अक्षर बरं आहे, अक्कल अजून कळायची आहे.

अंबरीशचं पुढे बघू. त्याला वेळेवर दोन रट्टे मिळाले असते तर ही वेळ आली नसती. पण त्याच्यासाठी बारीक व्हायचं असेल तर माझ्याकडे येऊ नकोस. धाप न लागता तिसऱ्या मजल्यावर जायचं असेल तर ये.

सकाळी लिंबू-मधाचं पाणी पिऊन चरबी वितळत नाही, ती काय लोणी आहे? भात सोडायचा नाही. आपण भाताच्या मुलखातली माणसं, भात सोडलास तर दुपारी फरसाणाचे डबे उघडत फिरशील. भात निम्मा घे आणि त्यावर उसळ दुप्पट घे, मुगाची, मटकीची नाहीतर वालाची. पानात काहीतरी हिरवं आणि एक वाटी ताक असू दे. सकाळी उपाशीपोटी कॉलेजला पळायचं नाही, नाचणीची आंबील पिऊन जा. वडे, शेव आणि बाटलीतलं रंगीत पाणी बंद.

रोज चालायला जा. वडखळच्या रस्त्याला नको, तिथे ट्रकवाले माणसाला माणूस समजत नाहीत. गणपतीच्या कारखान्यांच्या बाजूला गल्ल्यांतून जा. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. महिन्याने सूर्यनमस्कार घाल, तेही थोडे. आठवड्यातून एक दिवस सुट्टी. झोप पुरेशी घे.

आणि वजनाच्या काट्यावर रोज चढायचं नाही. काटा वाण्याच्या दुकानात शोभतो. गणपती कधी येतात ते तुझ्या शरीराला ठाऊक नाही, ते आपल्या चालीने चालणार. घाई केलीस तर माझ्याशी गाठ आहे.

मालतीमावशी

पेण, १२ जुलै

मावशी,

मी जमवलं गं! रोज चालते. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या अशा भरून आल्या की बाबा म्हणाले, "लेकीचा हत्तीपाय झाला." ते वडखळच्या शाळेतून येताना नेहमी भजी आणायचे, आता माझ्यामुळे आणत नाहीत आणि मला शिव्या घालतात. आंबील आवडत नाही, पण पिते.

काल जिना एका दमात चढले. निशिगंधाने टाळ्या वाजवल्या.

फक्त एक घोळ झाला. केमिस्टच्या दुकानाबाहेरच्या काट्यावर मी चढले (रागावू नकोस), तर काटा तसूभर हलला नाही. आषाढीच्या उपासाला जरा जास्त खाल्लं, त्याचं असेल. आईची साबुदाण्याची खिचडी तुला माहीतच आहे. आता पुढे श्रावण येतोय. आपल्याकडे सगळे सोमवार, शनिवार, संकष्ट्या, एकादश्या. कसं करू?

आसावरी

रोहा, १५ जुलै

आसावरी,

शाबास! जिना चढलीस ना, मग काट्याच्या नावाने आंघोळ कर.

उपासाचं विचारतेस? नूतनच्या घरचा उपास मी चांगला ओळखते, माझी सख्खी धाकटी बहीण आहे ती. खिचडी, वरीचे तांदूळ, बटाट्याचा कीस, रताळ्याचे काप आणि वर शिकरण. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण काय उगाच पडली? अगं, उपास करायचा तर खरा कर, नाहीतर सरळ वरणभात जेव. साबुदाण्याची पातेली रिकामी करून देव फसत नाही आणि पोटही फसत नाही.

मालतीमावशी

पेण, ५ ऑगस्ट

मावशी,

तुझं म्हणणं तंतोतंत पटलं. आता मी उपास खरा करते. खिचडी नाही, वरी नाही, बटाटा नाही. आणि काय सांगू, काटा हलला! कॉलेजात तिघींनी विचारलं, "काय करतेस गं?" पंजाबी ड्रेस आईने दोन्ही बाजूंनी आत घेतला.

सकाळचं चालणं झालं की संध्याकाळी पुन्हा जाते. कारखान्यांत मूर्तींना डोळे काढायचं काम चाललंय, खिडकीशी उभं राहून बघत बसावंसं वाटतं. पण थांबलं की थंडी वाजते. पाऊस फार आहे यंदा.

सुट्टीचा दिवस घेत नाही, मला गरज वाटत नाही.

आईने भिशीतल्या बायकांना सांगितलं, "आमच्या आसावरीला देवाची किती ओढ लागलीय बघा." मी आपली खाली मान घालून बसले.

आसावरी

रोहा, ८ ऑगस्ट

आसावरी,

वा गं माझी शिष्या! पत्र शेजारणींना वाचून दाखवलं. सुट्टीचा दिवस मात्र घे, पळणाऱ्या घोड्यालाही दाणा-पाणी लागतं.

माझी बातमी ऐक आणि पोटभर हस. तीस वर्षं मुलींना "बघून पाऊल टाका" म्हणणारी मी परवा अंगणात शेवाळावर घसरून पडले. घोट्याचं हाड मोडलं, पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये. स्वयंपाकाला येणारी मैना मला उचलताना एवढी हसत होती की दोघी पुन्हा पडणार होतो. "ताय, आता बसा गो गप, लय पलालात तुमी." गणपतीला तुमच्याकडे येणं यंदा जमत नाही, याचंच वाईट वाटतंय.

मालतीमावशी

पेण, १७ ऑगस्ट

मावशी,

पाय कसा आहे? तू नाहीस तर गणपतीला मजा नाही. पण मला बघून सगळ्यांची तोंडं कशी होतात ते तुला लिहून कळवीन.

गेला आठवडा तर छानच गेला. सोमवार झाला आणि लगेच अंगारकी, मग गोकुळाष्टमी, मग शनिवार. उद्या पुन्हा सोमवार आणि परवा एकादशी. मधल्या दिवशी जेवले, म्हणजे ताक आणि काकडी. तुला म्हणून गंमत सांगते. नुसतं "जेवत नाही" म्हटलं तर आई घर डोक्यावर घेईल. "उपास आहे" म्हटलं की तीच आई माझ्या कपाळाला कुंकू लावते. घरात कुणाला शंकासुद्धा नाही!

आणि आणखी एक सोय झालीय. दोन महिने मला पाळीच आली नाही. त्यामुळे श्रावणातला एकही सोमवार हुकला नाही, पूजेला प्रत्येक वेळी बसता आलं. आई म्हणाली, "देवानेच सांभाळून घेतलं बघ."

केस मात्र फार गळतात. पाणी बदललं असेल. आणि हात सदा गार असतात, निशिगंधा म्हणते फ्रिजमधून काढल्यासारखे.

यंदा हरितालिकेचा उपास आईसारखाच करणार आहे, कडक, पाणीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी गणपती आणि सगळे पाहुणे. म्हणजे अगदी वेळेवर.

आसावरी

रोहा, १८ ऑगस्ट

आसावरी,

पत्र वाचलं आणि माझेच हात गार पडले. ही गंमत नाही गं. कमळाकर उद्या सकाळच्या गाडीने निघतो, तोवर हे संपवायचंय, म्हणून नीट वाच.

देवाने सोय केलेली नाही. पोटात अन्न जात नाही म्हणून तुझं शरीर एकेक दिवा मालवत चाललंय. पाळी थांबते ती त्यानेच. केस, थंडी, गार हात, सगळं त्याचंच. मी शाळेत अशा पोरी बघितल्या आहेत. मैदानावर उभ्या-उभ्या कोसळायच्या, आणि प्रत्येकीच्या घरी विचारलं तर उत्तर एकच, "बाई, ती तर बरी होती."

चूक माझी आहे. "उपास खरा कर" असं मी गमतीने लिहून गेले. त्याच वाक्यात पुढे "वरणभात जेव" होतं, ते तू सोडून दिलंस, पण लिहिणाऱ्या बाईने आधी विचार करायला हवा होता. ते वाक्य मी परत घेते. उद्याची एकादशी मोड. हो, मोड! पाप लागलं तर माझ्या खात्यावर.

पत्र मिळाल्यापासून चालणं बंद. पेज पी, मऊ भात खा, थोडं-थोडं खा, एकदम ताटभर नको. आणि लगेच आईला सगळं खरं सांगून डॉक्टरकडे जा. हरितालिकेचा निर्जळी उपास तुला झेपणारा नाही. ऐकतेस ना? मी आत्ता नूतनला फोन लावतेय.

मालतीमावशी

पेण, २० ऑगस्ट

मावशी,

तूसुद्धा?

मी तुला विश्वासाने लिहिलं आणि तू तुझं पत्र माझ्यापर्यंत पोचायच्या आत आईला फोन केलास. काय उपयोग झाला? आई म्हणाली, "ताईला देवाधर्माचं पहिल्यापासून वावडं. पोरगी चांगल्या मार्गाला लागली तर हिच्या पोटात दुखतं." मी मान हलवली. मला वाईट वाटलं, पण हलवली.

इतकी वर्षं सगळे म्हणत होते, तोंडावर ताबा ठेव. ठेवला तर आता खा म्हणता. तुम्हा मोठ्या माणसांचं एकदा ठरवून घ्या आणि मग मला सांगा.

तुला वाटतं मी हट्टाने खात नाही? आज आईने वालाचं बिरडं केलं होतं. माझं आवडतं. पानावर बसले, एक घास घेतला आणि छातीत धडधडायला लागलं. वाटलं, हा एक घास गेला की सगळं परत येणार. मग म्हटलं, आज माझा उपास आहे, विसरलेच. आई म्हणाली, "अगो बाई, बरं आठवलं." एकादशी कालच होऊन गेली हेसुद्धा तिने बघितलं नाही.

निशिगंधा तुला कळवणार म्हणाली आहे, त्याआधी मीच सांगते. जिन्यात अंधारी आली, तिने धरलं, पडले नाही. हल्ली दुसऱ्या मजल्यावर पुन्हा थांबावं लागतं. गणपती झाले की सगळं नीट खाईन. तोवर मला पत्र लिहू नकोस. मी उघडणार नाही.

आसावरी

रोहा, २५ ऑगस्ट

नूतन,

माझा फोन तू दोनदा कापलास. पत्र कापता येत नाही, फाडता येतं. फाडायच्या आधी वाच, एवढीच विनंती.

तुझी लेक उपास करत नाही. ती उपाशी आहे. उपासाच्या आडून जेवण टाळते, कारण तुझ्या घरात उपासाला कुणी प्रश्न विचारत नाही. हे तिने स्वतः मला लिहिलंय. तिचा विश्वास मोडून मी तुला सांगतेय, आणि ती मला जन्मभर माफ करणार नाही हे ठाऊक असून सांगतेय. दोन महिने पाळी नाही. जिन्यात घेरी आली. घास गिळताना तिला भीती वाटते. नूतन, भीती!

मला देवाचं वावडं नाही. असतं तर या पायासाठी नवस बोलले नसते. मी वॉकर घेऊन स्टेशनला निघाले होते, तर मैना दारात आडवी बसली. "ताय, माज्यावरून जा आनि मग पेनला जा." मग बसले लिहायला.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. आज तिला जवळ बसव आणि पाठीवरून हात फिरव. मग तुझा तूच निर्णय घे. पण उद्या तिला निर्जळी ठेवू नकोस. मी तुझी मोठी बहीण आहे, आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. हे मागते.

मालती

पेण, २८ ऑगस्ट

ताई,

दीड दिवसाचा गणपती आज दुपारी गेला. पाहुणे गेले. घर शांत झालं तेव्हा लिहायला बसले. फोनवर मला हे बोलता येणार नाही.

तुझं पत्र कमळाकरांनी सोमवारी संध्याकाळी आणून दिलं. वाचलं आणि तुझा भयंकर राग आला. तरी वेणी घालायच्या निमित्ताने आसावरीला समोर बसवलं. केस मुठीत येईनात. पाठीवरून हात फिरवला तर हाताला मणके लागले, एकेक. ती म्हणाली, "आई, गुदगुल्या होतात." आणि तरी मी गप्प बसले, ताई. म्हटलं, उद्याचा एक दिवस जाऊ दे, देवाचा दिवस आहे, परवापासून बघू.

मंगळवारी सकाळी शेजारच्या चौघी पूजेला आल्या होत्या. वाळूची पिंड मांडली, पत्री वाहायला घेतली. आसावरी बेलाचं पान उचलायला गेली आणि तशीच कलंडली. समईवर पडली असती, ह्यांनी झेप घालून धरली. ओठ पांढरे पडले होते. रिक्षात मी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि तोंडाने हरितालिकेला शिव्या घालत होते. त्या तोंडाने कुठलं पुण्य मिळणार?

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी सलाइन लावलं. नाडी बघून त्यांचा चेहरा उतरला. मग मला विचारलं, "ही शेवटची पोटभर कधी जेवली?" मला सांगता येईना. आई ना मी तिची! रोज दोन वेळा स्वयंपाक करते, आणि मला सांगता येईना. त्या म्हणाल्या, आज आणलीत हे नशीब, हृदयावर ताण आलाय, अजून चार दिवस असेच गेले असते तर सांगता आलं नसतं. थोडं-थोडं खायला घाला, दर दोन दिवसांनी दाखवायला या, आणि मनाच्या डॉक्टरांकडे जायची चिठ्ठीही दिली. ती घेताना आजूबाजूला कुणी बघतंय का ते बघितलं, पण घेतली.

दुपारी घरी आणली. शेजारणी पूजा सोडून बसून होत्या, काळजीने आणि कुतूहलानेही. मी मऊ भात केला, वर तूप-लिंबू. तिच्यापुढे ताटली धरली. तिने बघितलंही नाही. म्हणाली, "आई, आज हरितालिका आहे. तूही नाही जेवलीस." मी म्हटलं, "माझं वेगळं गं." तर म्हणाली, "वेगळं कसं? तू नाही जेवलीस तर पुण्य, आणि मी नाही जेवले तर आजार?"

बायका माझ्याकडे बघायला लागल्या. ताई, लग्न झाल्यापासून ही हरितालिका मी एकदा मोडली नाही. ही पोटात असतानासुद्धा नाही. ह्यांच्या आयुष्यासाठी करते, आणि खोटं कशाला सांगू, भीतीपोटीही करते. मी ह्यांच्याकडे बघितलं. ते दारातूनच म्हणाले, "माझं आयुष्य मी बघून घेईन. तू तिला बघ."

मी भात कालवला आणि चौघींसमोर पहिला घास माझ्या तोंडात घातला. सकाळपासून घसा कोरडा होता, घास उतरेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एकजण "अगं नूतन!" म्हणून उठली. मी दुसरा घास घेतला. मग ताटली तिच्यापुढे केली. म्हटलं, "मला एकटीला नको पाप लावूस. अर्धं तू घे."

ती रडत होती, मी रडत होते. तिने एक घास घेतला. कितीतरी वेळ तोंडातच ठेवला. मग गिळला.

काल पाहुण्यांसमोर अंबरीशने काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. मी त्याला म्हटलं, "माझ्या लेकीच्या ताटाबद्दल या घरात आता कुणी बोलायचं नाही." गेल्या वर्षी मीही हसले होते, हे मला तिने परवा सांगितलं. मला आठवतसुद्धा नव्हतं.

अजून अर्धी पोळीही जात नाही. मध्येच थांबते, हात धुवायला उठते, मी हाताला धरून बसवते. कधी चिडते, काल वाटी फेकली. तुझ्यावर राग आहे तिचा, पण तुझी पत्रं तिने टाकून दिलेली नाहीत. तुझा पाय बरा झाला की ये. ती बोलली नाही तरी ये.

आज विसर्जनाला निघताना सगळ्यांनी गणपतीच्या कानात काय-काय सांगितलं. मी सांगितलं, हिला भूक लागेल तेव्हा मला आधी कळू दे. घरी आलो, आणि तासाभराने ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मी पीठ मळायला घेतलं.

नूतन